चार पॉइंट एकवाला पडला त्याची हकीकत

तीर्थरूप लाउरीदादास,

धाकट्या आर्वोचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, एल्मा आणि अकरा गायी, बरे आहोत. तुझी आणि इरियावहिनींची खुशाली कळव. गोथेनबर्गला आता नुसता चिखल असेल. इकडे गोठलेल्या तळ्यावरून अजून ट्रॅक्टर जातो. मी गावच्या सभागृहात गाजरांच्या परातीवर पडलो हे तुझ्या कानावर आलंच असेल (आपल्याकडची बातमी समुद्र ओलांडून स्वीडनला जायला फारसा वेळ घेत नाही). लोक त्यात काय काय मीठमसाला घालतात ते मला माहीत आहे, म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

जानेवारीत आरोग्यखात्याच्या नर्सबाई आल्या आणि आपलं कुर्किलाहे आणि पलीकडचं हावुवारा यांच्यात स्पर्धा लावून गेल्या. दोन महिन्यांत ज्या गावाच्या रक्तातली चरबी जास्त उतरेल ते गाव जिंकणार. आपल्याकडे बाप्तिस्मा झाला की पुढचा संस्कार लोण्याचाच, हे तुला सांगायला नको. पण हावुवारावाल्यांना हरवायचं म्हटल्यावर लोक लोणीसुद्धा सोडायला तयार झाले. महिला मंडळाने बिनसायीच्या दुधातली भाताची लापशी शिकवली. ती कोणीच दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. पहिल्या तपासणीत माझा आकडा आला चार पॉइंट एक, अख्ख्या गावात सर्वांत कमी. मी खूश झालो, तर नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा गावाला काही उपयोग नाही हो. तुमच्याकडे उतरवायला आहे काय?" गावाची सगळी भिस्त शेजारच्या तौनोवर होती. त्याचा आकडा नऊ पॉइंट आठ. त्याच्याइतकं उतरण्यासारखं कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे जो तो त्याची पाठ थोपटत होता. त्याचे दोघे भाऊ तुला आठवतात ना? एक एक्केचाळिसाव्या वर्षी लाकडं फोडताना गेला, दुसरा चव्वेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता. तौनो आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. हा हिशेब गावात सगळ्यांना पाठ होता, पण तोंडाने कोणी बोलत नव्हतं.

महिना उलटल्यावर सभा ठेवली आणि माझं भाषण ठेवलं. विषय होता 'माझं हृदय, माझी शिस्त'. (शिस्त कसली? आपल्या आईच्या घरचे सगळे असेच, काय वाटेल ते खाऊनही रक्तात चरबी नाही.) तिसऱ्या वाक्याला छातीत कोंबडी फडफडावी तसं काहीतरी सुरू झालं. मी म्हणालो, "मित्रहो, ज्याचं रक्त स्वच्छ..." आणि पुढचं वाक्य गाजरांनी ऐकलं.

इस्पितळात डॉक्टर किर्स्तीबाईंनी छातीला तारा लावून लांबलचक कागद काढला. त्या कागदावरच्या रेघा प्यालेल्या माणसाने मारल्यासारख्या दिसत होत्या. मी विचारलं, "बाई, चार पॉइंट एकवाल्याला हृदयविकार कसा होतो?" बाई गवळ्याच्या घरच्या आहेत. म्हणाल्या, "दूध काढायच्या यंत्राच्या नळीत साय बसली की दूध अडतं. हो ना? आणि ठोका देणारा भाग बिघडला की नळी कितीही स्वच्छ असली तरी यंत्र थडथडतं. मग नळी धुऊन ठोका दुरुस्त होतो का?" मी म्हणालो, नाही होत. "रक्तातली चरबी म्हणजे ती साय. ती हृदयाच्या नळ्या बुजवते, माणूस तडकाफडकी जातो तो त्याने. तुमचा ठोका बिघडलाय, तो आजारच निराळा. झडपांचे आजार आणखी निराळे. हृदय एकच असलं तरी त्याची दुखणी एक नाहीत." मग त्यांनी चष्म्यावरून बघत, पडण्याआधी दोन-तीन दिवस काय पीत होता असं विचारलं. मी म्हणालो, कॉफी. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते 'कॉफी' एवढं लहान नव्हतं.

पाच दिवसांनी घरी आलो तर गावात स्पर्धा बुडालेली. लोकांचं म्हणणं सरळ होतं: चार पॉइंट एकवाला जर पडतो, तर या आकड्यांत काही अर्थ नाही. तौनोने त्याच दिवशी दुकानातून लोणी आणलं आणि पुढच्या तपासणीचं कार्ड चुलीत घातलं. दादा, मला लाज वाटली. मी पडलो ते पडलो, पण माझ्यामुळे तो माणूस निष्कारण मरायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो (मला गाडी चालवायची मनाई, म्हणून एल्माने नेलं). तो भात भरलेल्या पुरीवर बोटभर लोणी थापत होता. मी दुधाच्या यंत्राचं सगळं सांगितलं, माझा ठोका मात्र उगाच बिघडला म्हणालो. तो म्हणाला, "आर्वो, तू पडलास त्याला कारण नाही म्हणतोस, मग मी तरी कशाला भाताची लापशी गिळू?" कारण होतं, आणि ते मला ठाऊक होतं. मग मी छाती पुढे काढून सांगून टाकलं: भाषणाचा मान मिळाला म्हणून आनंदाने मी मेव्हण्याने घरी गाळलेली तीन दिवस पीत होतो, ठोका त्यानेच चुकला. आणि मी चर्चच्या दारूबंदी समितीचा चिटणीस. तौनोने सुरीवरचं लोणी पुरीच्या कडेला पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे तू पडलास तो दारूने. मी मेलो तर ते दारूने नव्हे."

"नाही. तुझं दुखणं तुझ्या भावांचं."

त्याने सुरी खाली ठेवली. पुरी मात्र संपवली.

सोमवारी तो इस्पितळात गेला. दोष जन्मजात निघाला, नुसतं लोणी सोडून भागणारा नाही. आता गोळ्या घेतो. त्याच्या थोरल्या मुलीच्या रक्तातही तेच सापडलं, तिचं वेळेवर कळलं. स्पर्धा हावुवाराने जिंकली. मी समितीचा राजीनामा दिला आणि तो एकमताने मंजूर झाला (एवढी एकी आमच्यात पूर्वी नव्हती). वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आर्वो

ता. क. – खरं काम राहिलंच. आपले बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी गवताच्या शेतात गेले ते कशाने, हे कोणी तपासलं नाही. मी आईच्या वळणाचा, तू हुबेहूब बाबांच्या. किर्स्तीबाईंनी विचारलं, भाऊ आहे का? मी तुझं नाव दिलं आहे. या आठवड्यात रक्त तपासून घे, आणि नाडीही दाखव. एक चांगलं निघालं म्हणून दुसरं सोडू नकोस.

आणखी एक ता. क., दुसऱ्या हाताचा – भाऊजी, मी एल्मा. पत्र पेटीत टाकायला दिलं होतं, वाचलं. दारू तीन दिवस नव्हे, पाच दिवस. आणि तौनोभाऊंसमोर छाती पुढे काढून सांगितलं ते मी. हे चुलीकडे बघत उभे होते. रक्त मात्र तपासून घ्याच. ता. क. लिहिताना यांचे डोळे भरले होते, ते लिहायचं यांनी टाळलं आहे.