नाव आधी घरात

३ जून

रडू आवरत नाही. आज ऑफिसच्या दारात एक बाई आली. काल गोदामाच्या आगीत तिचा नवरा गेला. तिला कळलं कसं? आमच्या चॅनेलवरून! लेकीची वेणी घालत होती, समोर टीव्ही चालू, आणि खालच्या पट्टीतून नवऱ्याचं नाव सरकत गेलं. ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली — "आधी मला सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

रखवालदारानं तिला खुर्ची दिली.

४ जून

संपादकांशी चांगलीच जुंपली. मी सांगून टाकलं — घरच्यांना कळल्याशिवाय मेलेल्या माणसाचं नाव मी वाचणार नाही. परदेशात पत्रकारिता शिकताना आमच्या म्हाताऱ्या बाईंनी हेच डोक्यात भिनवलं. नाव आधी घरात, मग बातमीत! सरावाच्या बातमीत एकदा मी घाई केली, तर सगळ्यांदेखत विचारलं, "आता याच्या आईचा फोन आला तर काय बोलशील?" अजून ऐकू येतं ते.

संपादक उसळले. "तुझं ते परदेशी सोवळं खुंटीला टांग! बाकीचे चॅनेल पुढे जाणार आणि आपण हात चोळत बसायचं?" आठच्या बातम्या काढून घेईन म्हणाले. घ्या! — तोंडानं म्हटलं खरं, पण त्याच खुर्चीसाठी तर घरदार सोडून तिकडे गेले होते.

१२ जून

गेल्या आठच्या बातम्या. आता दुपारच्या वाचायच्या. दुपारी बघतं कोण? दादा! टॅक्सी खाली लावून जेवायला घरी येतो तेव्हा. फोनवर खो खो हसला. "गप्प बसायला शिकायला एवढ्या लांब गेलीस होय? आईनं फुकटात शिकवलं असतं की, बातमीबाई!" मग म्हणाला, "पण तू सोडू नकोस हं." फोन ठेवला आणि पोटभर रडून घेतलं.

२९ जून

आज पुन्हा दोन नावं अडवली. संपादक माझ्याशी बोलत नाहीत. मेकअपवाली म्हणते, "ताई, डोळ्यांखालचं आता लपत नाही."

१७ जुलै, दुपार

ऑफिसातच लिहितेय, राहवत नाही म्हणून!

सकाळी बाजारातल्या जुन्या इमारतीचा सज्जा कोसळला. पाच माणसं गेली. बातम्या चालू असतानाच चार नावं हातात आली, घरी कळवल्याच्या खुणेसकट. पाचव्यासाठी भांडायचं म्हणून मी तयारच होते. तर कानात संपादकांचा आवाज — "पाचवं नाव आलंय, पण द्यायचं नाही. घरी कळलेलं नाही अजून." संपादक! माझा तर विश्वासच बसेना. आवाज अगदी बसलेला. सकाळपासून ओरडत असणार, दुसरं काय!

मी प्रेक्षकांना सांगितलं, पाचव्या व्यक्तीच्या घरी कळवल्यावरच नाव देऊ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, तिकडे शिकले ते वाया नाही गेलं. पाच जिवांच्या बातमीत असं वाटावं, याची लाजही वाटली.

संपादकांनी केबिनमध्ये बोलावलंय. "आधी पाणी पिऊन ये," म्हणाले. आठच्या बातम्या परत देणार वाटतं! दादानं पाहिलं असेल ना? जेवत असेल आत्ता.

२० जुलै

पाचवं नाव दादाचं. भाडं सोडून चहाला उतरला होता. परवान्यावर माझ्याच वडिलांचं नाव, माझंच आडनाव बघून संपादकांनी ओळखलं.

"वहिनीकडे मी जातो," म्हणाले. नको म्हटलं. मीच गेले.

टीव्ही चालूच होता. दादाचं ताट झाकून ठेवलेलं. मला बघून वहिनी दारातच म्हणाली, "बाई गं, कोण बिचारा तो पाचवा? सांगितलं का त्याच्या घरी कुणी?"