आधी नराला तपासतात

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय अक्षता,

सर्वप्रथम तक्रार, आणि ती गंभीर आहे. घरच्या ग्रुपवर मी रोज सकाळी एक संस्कृत सुभाषित अर्थासह टाकतो. त्याला दोन अंगठे मिळतात, त्यातला एक माझाच. तू प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचा फोटो टाकलास, तर चौदा! बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून शेवटी मूषकाकडून हार खाल्ली. निषेध नोंदवून घे.

असो. घरात सध्या मोकळं वाटतंय, आणि त्याचंही श्रेय त्या उंदरांनाच द्यावं लागतंय. दिवाळीत तू जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ती वृषणामागची वेटोळी नळी काढून दाखवलीस. एक जनुक काढून टाकलं की नर दिसायला धडधाकट, शुक्राणूही भरपूर. पण त्या नळीतून जाताना ते पिकायचे तसे पिकत नाहीत, त्यांना पोहताच येत नाही, असं तू सांगत होतीस. मी म्हणालो, आमच्या दहावीच्या वर्गासारखं. पटावर सगळे, पुढे सरकत कोणी नाही. सगळे हसले. मग तू सहज म्हणालीस, जोडीला पिल्लं झाली नाहीत की आमच्याकडे आधी नराला तपासतात. तेव्हा तुझा शिवराजदादा हसला नव्हता. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आपल्याकडे पाच वर्षं उलटंच चाललं होतं. तुझ्या वहिनीचे, सिद्धेश्वरीचे, सोळा सोमवार दोनदा झाले, तीन डॉक्टर झाले, दुधनीच्या वैद्याचा काढा झाला. बारशाला तिला नेत होतो, पण पाळण्याखालून बाळ घ्यायची-द्यायची वेळ आली की तुझी आई तिला हळूच स्वयंपाकघरात कामाला लावायची. बसव्वा आत्या तर उघडच म्हणायची, "पोरगा बगा की, पैलवानावानी हाय! त्याला काय तपासायचं?" आणि मी, बीज पुरुषाचं नि क्षेत्र स्त्रीचं, दोन्ही लागतात, हे श्लोक पाठ असलेला शहाणा, पेपरात तोंड घालून बसायचो.

गेल्या महिन्यात शिवराज कोणाला न सांगता तपासून आला. जेवताना रिपोर्ट ताटाशेजारी ठेवला नि म्हणाला, "संख्या ठीक आहे. हालचाल नाही. दोष माझ्यात आहे, हिच्यात नाही." तुझी आई रडली. सुनेचे हात धरून तिने माफी मागितली. सिद्धेश्वरी म्हणाली, "म्हणजे आता सोमवारी मी जेवू ना?" अगं, असे हसलो सगळे, की आईच्या हातून वरणाची वाटी कलंडली. डॉक्टर म्हणतात, एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडता येतो, आशा आहे. बसव्वा आत्या त्या दिवसापासून मौनात आहे, हा उपचाराआधीच झालेला फायदा.

हे फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन सगळ्यांनाच ऐकू जातो. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली होती, शिवराज गेला नाही. ऑफिसातून येतो, जेवतो, उठतो. सिद्धेश्वरीला एवढंच म्हणाला, मुलगा झाला तर त्यालाही मी हेच द्यायचं का? यात खरं किती, मला माहीत नाही, तुला असेल. जमलं तर दोन दिवस ये आणि तूच त्याला सांग. तो माझ्यासमोरून मान खाली घालून जातो आणि बाप असून मी त्याच्याशी अजून एक शब्द बोललेलो नाही. मला त्याची फार काळजी वाटते.

तुझाच,
अप्पा