मालकिणीच्या मर्जीनुसार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, या परक्या देशात छत्तीस वर्षे घर चालवलेली विधवा बाई, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीवर हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण हा कागद वाचल्यावर माझे चिरंजीव पहिली शंका तीच काढणार. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र चालते का, हे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, सही नीट असली म्हणजे झाले.

१. राहते घर. यजमान नोकरीसाठी इथे आले, इथेच गेले. त्यानंतर हे घर मी स्वतःच्या नावावर घेतले. ते माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळणार नाही. दोन वर्षांपूर्वी तो आणि सूनबाई "आईकडे लक्ष द्यायला" म्हणून राहायला आले. लक्ष त्यांनी घराकडे दिले. घरांचा एक दलाल माझ्या झोपायच्या खोलीला टेप लावून गेला, तेव्हा मी न्हाणीघरात होते. बाहेर आल्यावर तो मला "सॉरी आजी" म्हणाला. माझ्यामागे वकिलांनी घर विकावे. पैशाचे काय करायचे ते पुढे येईल.

२. स्वयंपाकीणबाई. ही या घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. इथली भाषा मला तिने शिकवली, आमटीला फोडणी मी तिला शिकवली. यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा चौदा महिने त्यांची कूस बदलायला रोज पहाटे तीच उठे. चिरंजीव त्या काळात दोनदा येऊन गेले. चौतीस वर्षे ती मागच्या खोलीत राहिली. आज ती तिथे का नाही, ते लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी गोड करून सांगणार नाही.

गेल्या वर्षी तिचे पोट दुखू लागले. मी तिला पित्ताच्या गोळ्या दिल्या. तीन महिने दिल्या. शेवटी ती म्हणाली, "बाई, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू का?" मी म्हणाले, "माझं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू." हे वाक्य माझे आहे, चिरंजीवांचे नाही. मग त्या ऑपरेशनासाठी मी महिन्याभरासाठी मायदेशी गेले आणि घर मुलाच्या हाती दिले.

नवव्या दिवशी ती कपडे धुण्याच्या यंत्रापाशी कोसळली. आमच्या ड्रायव्हरने तिला उचलून गाडीत घातले आणि सर्वांत जवळच्या इस्पितळात नेले. आतडे फुटले होते. ताबडतोब ऑपरेशन करायचे, पण आधी अनामत भरा, असे तिथे सांगितले. त्याने घरी फोन लावला. तो संवाद ड्रायव्हरने मला नंतर जसा सांगितला तसाच देते.

"साहेब, अनामत भरायला सांगतायत. आत्ता."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. तिच्या सात महिन्यांच्या पगाराएवढा होता.

"सरकारी दवाखान्यात ने."

"तिथं विचारलं साहेब, खाट नाही. डॉक्टर म्हणतात, हलवूच नका."

"थांब जरा." मग कागद चाळल्याचा आवाज. "हे बघ, करारात स्पष्ट लिहिलंय. किरकोळ दुखणी सोडून बाकीच्या उपचाराचा खर्च मालकाच्या मर्जीनुसार. मी आईशी बोलून कळवतो. आणि गाडी घेऊन ये. साडेसहाला आम्हाला जेवायला जायचंय."

आईशी तो बोलला नाही. त्या संध्याकाळी मीच फोन केला. "सगळं मजेत आहे आई. बाई बहिणीकडे गेलीय चार दिवस. तू डोळ्यांना ताण देऊ नकोस."

ड्रायव्हरने साडेसहाला गाडी आणून लावली, किल्ली फाटकाच्या कडीला अडकवली आणि नोकरी सोडली. मग आमच्या गल्लीतल्या एकेका घराच्या मागच्या दाराशी गेला. मुले सांभाळणाऱ्या बाया, माळी, पहारेकरी, सगळ्यांनी जे होते ते दिले. निम्मी रक्कम जमली. उरलेल्या पैशासाठी त्याने स्वतःची मोटारसायकल विकली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. बाई वाचली, पण आतड्याला पोटावर वाट काढून पिशवी लावावी लागली. आतडे पुन्हा जोडायला दुसरे ऑपरेशन लागते, त्याला पैसे नव्हते.

चौथ्या दिवशी चिरंजीव इस्पितळात गेले. भेटायला नव्हे. महिन्याचा पगार पाकिटात घालून नेला आणि सलाइन लावलेल्या हाताने "हिशेब पूर्ण, तक्रार नाही" या कागदावर तिची सही घेतली.

मी परतले तेव्हा दार एका अनोळखी मुलीने उघडले. सूनबाई म्हणाल्या, "आई, आधी बसा तर खऱ्या. ही एजन्सीची आहे. आजारी पडली तर ते बदली पाठवतात, आपल्याला डोक्याला ताप नाही."

मी बसले नाही. शेजारच्या माळ्याने झाले ते सांगितले, तशी ड्रायव्हरच्या घरी गेले; इस्पितळातून त्याने बाईला तिथेच नेले होते. तिसरा मजला, दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत बाई भिंतीला टेकून बसली होती. तिने मला बसा म्हटले नाही. मी मुलाविषयी तोंडाला येईल ते बोलले, रडले. तिने सगळे ऐकून घेतले.

"दादांना एकट्यांना कशाला बोलता, बाई? त्यांनी तुमचंच अक्षर वाचून दाखवलं."

खरे आहे. तो करार माझा आहे. दर वर्षी मी तो वळणदार अक्षरात उतरवत असे आणि तिची सही घेत असे. तिला वाचता येत होते. मी त्यातले काहीच लपवले नव्हते, याचा मला अभिमानही होता.

३. आमचे परदेशस्थ महिला मंडळ. करारातले ते वाक्य मला या मंडळाने दिले. नवीन आलेल्या बाईला चहाबरोबर दोन गोष्टी मिळत: कामवाल्यांच्या पगाराची यादी, आणि "एकदा डॉक्टरचं बिल भरलंत की सवय लागते हो" हा सल्ला. मी एकदा पगार वाढवला तेव्हा अध्यक्षीणबाई तीन महिने माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तेवढे तीन महिने सुखाचे गेले. मंडळाला काही ठेवलेले नाही. अध्यक्षीणबाईंना माझ्या शोकसभेत भाषण करू देऊ नये. त्या आल्याच, तर मागे बसवावे.

४. चिरंजीव व सूनबाई. वडिलांची दोन घड्याळे मुलाला द्यावीत, कारण ती वडिलांची आहेत. त्याच्या किरकोळ दुखण्यांसाठी एक वर्षाचा औषधखर्च द्यावा. बाकीच्या दुखण्यांबाबत माझी मर्जी नाही. सूनबाईंना एजन्सीचा फोन नंबर माहीत आहेच.

५. बँकेतली ठेव. ~~ही संपूर्ण ठेव माझ्या मृत्यूनंतर स्वयंपाकीणबाईस मिळावी.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे, शेजारी सही आहे. कारण असे: गेल्या गुरुवारी मी तिला बोलावून हे वाचून दाखवले. मला वाटले होते, तिचे डोळे भरून येतील. ती खुर्चीच्या कडेवर, पोटावर हात धरून बसली होती.

"हे तुम्ही गेल्यावर ना?"

"हो."

"तुम्ही ठणठणीत आहात, बाई. मला ऑपरेशन आता पाहिजे. तुमच्या मरणाची वाट बघत बसू का मी?"

मरताना दानशूर होण्याचा माझा बेत तिने एका वाक्यात मोडून काढला. सोमवारी बँकेत जाऊन ठेव मोडली. गल्लीतल्यांचे पैसे फेडले, दुसऱ्या ऑपरेशनाची रक्कम इस्पितळात भरली, उरलेली तिच्या खात्यात घातली. ऑपरेशनाची तारीख मिळाली आहे. तिने माझे आभार मानले नाहीत आणि कामावर परत येणार नसल्याचे सांगितले. जाताना तिने मागच्या खोलीतला आपला आरसा तेवढा काढून नेला.

घर विकून येणाऱ्या पैशातला निम्मा हिस्सा तिचा. उरलेला निम्मा गल्लीतल्या कामगारांनी त्या प्रसंगानंतर आजारपणासाठी जी पेटी सुरू केली आहे, तिला द्यावा. दुखणे किरकोळ की मोठे, हे तिथे कोणी विचारू नये.

६. ड्रायव्हर. याला मी मोटारसायकलीची किंमत देऊ केली. ती जेवढ्याला विकली तेवढेच पैसे त्याने घेतले, वरचे टेबलावर परत ठेवले. मोटारगाडी त्याच्या नावे ठेवणार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही.

"मग मला साक्षीदार करा," तो म्हणाला.

"अरे, गाडी नको तुला?"

"नको मॅडम. कुणी विचारलं तर सांगायला माणूस लागेल."

गाडी विकावी, पैसे पेटीत जावेत.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे, आणि दर वर्षी केलेला तो करारही, आजपासून रद्द समजावा.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: अकरा, महिना सहावा, बुधवार

सही: घरमालकीण

साक्षीदार पहिला: वकिलांचे कारकून
साक्षीदार दुसरा: ड्रायव्हर. माझे पेन त्यांनी घेतले नाही, स्वतःचे आणले होते.