सोमवारच्या पहिल्या ताटाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मध्यवर्ती कारागृह.

अर्जदार : स्वयंपाकगृह प्रमुख.

विषय : सोमवारी कैद्यांसमोर पूर्ण ताट व पेलाभर पाणी संपवण्याच्या आदेशातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे कालचे ज्ञापन.

महोदय,

१. वरील ज्ञापन मला काल संध्याकाळी मिळाले. सोमवारी तपासणी समितीच्या उपस्थितीत मी पहिले ताट पूर्ण संपवावे, त्यावर पेलाभर पाणी प्यावे व ताट पालथे घालून दाखवावे. अन्यथा कैद्यांमध्ये अन्नाविषयी संशय पसरवल्याबद्दल मला निलंबित करण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. हे ताट मी संपवू शकत नाही. का, ते खाली लिहितो.

२. आपण येथे नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून पहिल्या ताटाची पद्धत आधी सांगतो. फार पूर्वी दुपारच्या जेवणातून येथील एक अख्खी बराक आजारी पडली होती. त्यानंतर कैदी अन्नाला हात लावीनात. तेव्हाच्या अधीक्षकांनी तोडगा काढला. घंटा झाली की स्वयंपाकगृह प्रमुखाने अंगणात, टेहळणी बुरुजाखालच्या लोखंडी टेबलाशी बसायचे. त्याच पातेल्यातून, त्याच डावाने वाढलेले ताट सगळ्यांसमोर संपवायचे, त्याच टाकीतले पाणी प्यायचे आणि ताट पालथे घालायचे. तो आवाज झाला की रांगा हलतात. हे काम मी अकरा वर्षे केले आणि, खोटे कशाला बोलू, आनंदाने केले. कैदी माझ्या माघारी मला ‘रांजण’ म्हणतात. रांजण भरलेला आहे तोवर जेवणात खोट नाही, असा त्यांचा हिशेब होता.

३. पुढे माझी साखर वाढली, गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास थांबू लागला. पत्नीने धसका घेतला. शेवटी सर्जनच्या सल्ल्याने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पोटाचा मोठा भाग कापून काढला आहे. सर्जन म्हणाले, “आता ती पिशवी नाही, नळी आहे. भरली की भरली. एक घास जास्त झाला तर खाली जाणार नाही, वर येईल.” मऊ अन्न, तेही पाव वाटी. प्रत्येक घास पार पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी अजिबात नाही. ते नंतर, बऱ्याच वेळाने, घोट घोट. म्हणजे ताट आणि त्यावर पेला हा जो क्रम ज्ञापनात आहे, नेमका तोच मला वर्ज्य आहे. आतली शिवण अजून कोवळी आहे. गच्च भरल्यावर जोराच्या उलट्या झाल्या तर शिवणीचे काय होईल, असे मी विचारले होते. ते म्हणाले, “ते बघायची वेळ आणू नका.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

रजेच्या अर्जात मी संकोचाने फक्त ‘पोटाची शस्त्रक्रिया’ एवढेच लिहिले होते. ते कार्यालयातून बराकींपर्यंत पोचले. पुढचा गोंधळ तेथून सुरू होतो.

४. परत रुजू झालो त्या दिवशी डाळ, भात आणि उकडलेला बटाटा होता. तिसरा घास बटाट्याचा घेतला, तो छातीच्या मधोमध अडकला. लाळ सुटत राहिली, कपाळाला घाम फुटला. मी उठून गटारापाशी गेलो आणि थुंकलो. सगळ्या रांगा वळून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हाताखाली डाळ करणारा जुना कैदी, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तो पातेल्यामागून म्हणाला, “साहेब, तुम्ही थुंकलात ते आम्ही गिळायचं होय?” त्या दिवशी दोन बराकींनी ताटे परत पाठवली.

५. दुसऱ्या दिवशी मी बटाटा रुमालात घेऊन खिशात सरकवला. गणवेशावर डाग उठला. साहेब जेवणाचा नमुना गुपचूप तपासायला बाहेर नेतात, असे संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाले. नंतर मास्तरलाच माझी दया आली. “निदान चहा तरी घ्या. साखर जास्त घातलीय, ताकद येईल,” म्हणाला. गोड आता मला झेपत नाही; ते पोटात थांबतच नाही, आणि मग छाती धडधडते, हातपाय गळतात. मी पिठाच्या पोत्यांवर आडवा झालो. तेव्हापासून येथे चहाही कोणी पीत नाही.

त्यात माझा पट्टा. थोड्या थोड्या दिवसांनी त्याला नवे भोक पाडावे लागते. सर्जन खूश आहेत. कैदी मात्र तीच भोके बघतात. त्यांचा तर्क सरळ आहे. अकरा वर्षे पहिले ताट खाणाऱ्याचे पोट कापावे लागले, आणि आता तो डोळ्यांदेखत वाळतो आहे. तेव्हा जेवणात हळूहळू मारणारे काहीतरी आहे. महोदय, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटले असते. काल एक मधुमेही म्हातारा कैदी उपाशीपोटी अंगणात कोसळला. त्याला उचलताना तो माझ्या कानाशी म्हणाला, “रांजणा, तू खा रे. तू खाल्लंस की मी खातो.” मी खातो, असे त्याला सांगून बसलो आहे. एकेरी हाक मारल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये, ही विनंती.

६. खरे कारण कैद्यांना सांगण्याची परवानगी मी उपअधीक्षकांकडे मागितली होती. ते म्हणाले, “वेड लागलंय का तुम्हाला? अर्धे हसतील. उरलेले म्हणतील, आमच्या वाटणीचं खाऊन पोट वाढवलं आणि पगारी रजा घेऊन कापून आले.” शिवाय अधिकाऱ्याचे दुखणे कैद्यांना कळू देऊ नये, असा दंडक आहे. मग माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी बसावे, असे सुचवले. एका अधिकाऱ्यांना पित्त आहे. दुसऱ्यांना बाहेरचे सोसत नाही. कारागृहाचे जेवण बाहेरचे कसे, हे विचारायचे राहून गेले. उपअधीक्षकांचा डबा घरून येतो. हे सगळे डबे फाटकापासून कार्यालयापर्यंत कैदीच उचलून आणतात, त्यामुळे कोणाचा कोणता ते त्यांना पाठ आहे. आपण स्वतः एक दिवस बसावे, अशी मास्तरची सूचना आहे. मी ती फक्त कळवत आहे.

७. ज्ञापन आल्यावर काल घरी तालीम करून पाहिली. पत्नीने तसेच ताट वाढले. पाव ताटही झाले नसेल, ती म्हणाली, “अहो, बास. आरशात तोंड बघा जरा.” मी म्हणालो, आणखी एकच घास. तिने ताट ओढून घेतले आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, “सोमवारी ताट ओढायला मी तिथे नसणार.” आज सकाळी साधे पाणी तोंडात धरून उभा होतो. ते खाली उतरेल की नाही, हेच कळेना. सोमवारी शेकडो माणसे रिकामी ताटे धरून याच घशाकडे बघत असतील. मला त्यांची भीती वाटत नाही. मला त्या चौथ्या-पाचव्या घासाची भीती वाटते, जो अडकल्यावरही मला हसतमुखाने पुढचा घ्यावा लागेल.

८. तरी विनंती की, सोमवारी मला पाव वाटीच खाऊ द्यावी. उरलेले ताट तसेच भरलेले ठेवू द्यावे, आणि ते का ठेवले, हे मला माझ्या तोंडाने अंगणात सांगू द्यावे. हवे तर सदरा वर करून टाके दाखवतो. हसले तर हसू देत. सर्जनच्या पत्राची नक्कल जोडली आहे. मूळ पत्र पत्नीने स्वतःजवळ ठेवले आहे आणि ती ते द्यायला तयार नाही.

९. हे मान्य होणार नसेल, तर मी घंटेला टेबलाशी बसेन आणि ताट संपवेन. म्हाताऱ्याला शब्द दिला आहे. ताट पालथे घातल्यावर मी चालत स्वयंपाकघरामागे जाईन; तेवढे जमेल असे वाटते. त्यासाठी कारागृहाची रुग्णवाहिका मागच्या दाराशी, पिठाच्या गोदामाच्या आडोशाला उभी ठेवावी. पुढच्या फाटकाशी ठेवू नये. ती दिसली तर कोणी जेवणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेला,

(सही)
स्वयंपाकगृह प्रमुख
शनिवार, सकाळ