लघूचा गुरू

ता. ४ एप्रिल

चि. टिचकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

टक्! टक्‌-टक्‌! कविता शिकवताना आमच्या गुरुजींची पट्टी टेबलावर अशी वाजायची. लघू अक्षराला एक टिचकी, गुरूला दोन. परवा माझ्या अंगणातल्या खोक्यातली चिमणीची पिल्लं तू पिशवीत घालून ताणकाट्याला टांगलीस, तेव्हा तीच पट्टी कानात वाजली. बाकी काय तो थाट! एवढं शिकून शेवटी तराजूच हाती आला. जड पिल्लं तगतात, हलकी मरतात, हे म्हणे तुझ्या मार्गदर्शक साहेबांचं ज्ञान! ते आमच्या मांजरालाही आहे. मग पिढ्यानपिढ्या जाडजूडच तगली, तर चिमणी एव्हाना कोंबडीएवढी का नाही झाली? विचार त्या गृहस्थांना, न पाहताही सांगतो, गलेलठ्ठच असणार ते.

लोभ आहेच, तो काट्याला लावू नये.

तुझा काका

ता. १५ एप्रिल

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांना अख्खं वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, उभा जन्म याच कोंबडीपायी गेला. पण काका, तुमच्याकडचं ते मरतुकडं पिल्लू काल सगळ्यांत जड भरलं! खरं सांगा, काही भरवलंत ना? तसं असेल तर खोकं बाद, आणि माझा प्रबंधही गाळात. नातेवाइकांच्या अंगणात संशोधन करू नये, हे साहेब आधीच बजावत होते.

लोभ असावा, पण तो कुणाच्या चोचीत घालू नये.

तुमची टिचकी

ता. १९ एप्रिल

चि. टिचकीस आशीर्वाद.

भरवलं! कोबीवरच्या अळ्या, चिमट्याने. एक लघू गळला की अख्खी ओळ लंगडते. डोळ्यांदेखत गळू देऊ? करा खुशाल बाद! पण शहाण्यांनो, आईबाप तेच, घरटं तेच, नुसतं पोटभर मिळालं तर लघूचा गुरू झाला. पुढे जोडाक्षर आलं की लघूही गुरू होतो, हे शाळेत घोकलं होतंस ना? ते वजन त्याचं स्वतःचं नव्हे, शेजाऱ्याच्या कृपेचं. असलं वजन पोरांना वारशात मिळतं होय? तुझ्या बापाची ढेरी तुला मिळाली? मग कोंबडी होणार कुठून! सांग तुझ्या त्या रेड्याला...

थांब, दार वाजतंय.

उघडलं तर समोर कुणीच नाही. मग खाली पाहिलं. कडीला हात पुरत नाही म्हणून ताणकाट्याने दार ठोकणारा एक काडीपैलवान. म्हणतो, तो गलेलठ्ठ गृहस्थ मीच. पिल्लाला काय भरवलंत, आणि बाकीच्या खोक्यांतही भरवाल का?