बाराशे वॉट आणि चार पट्ट्या

४ मे, शनिवार. सकाळी ८.१५
ठरलं. योंगछिंगचा कॉम्प्युटर मीच बांधणार. पोरगी शेवटच्या वर्षाला आहे. सहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म चोवीस तारखेला दुपारी बाराच्या आत द्यायची, नाहीतर पदवी वर्षभर लांबली. जुना कॉम्प्युटर एकेक चित्र अर्धा अर्धा तास शिजवत बसतो. बी-श्या म्हणाली, दुकानातच जोडून, तपासून देतात, तसाच घेऊ या. बायकोला काय सांगणार! पंख्यांच्या कारखान्यात खरेदी विभागात तेवीस वर्षं काढलीत मी. तायपेतल्या निम्म्या कॉम्प्युटरांना वारा मी घातलाय म्हटलं तरी चालेल.
संकल्प: रविवारी खरेदी, मंगळवारी जोडणी, बुधवारी कौतुक.

५ मे, रविवार
क्वांगह्वाचा कॉम्प्युटर बाजार. यान मालकाचं दुकान, ओळख जुनी. पॉवर सप्लाय किती वॉटचा यावर पाऊण तास घातला. त्याने बोटं मोजली: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, बाकी किडूकमिडूक मिळून साडेचारशे. साडेसहाशेचा चांगला न्या दादा, डोळे मिटून चालेल, म्हणाला. मी हसलो. साडेआठशेचा घेतला. वीज जास्त झाली म्हणून आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही.
रॅमच्या सोळा जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. ऑफिसातल्या ल्यावने त्याच्या जुन्या दोन दिल्यात, कंपनी वेगळी. म्हणजे चौसष्ट जीबी! यान मालक म्हणाला, दोन घरच्या पट्ट्या एकत्र नांदत नाहीत दादा. स्वतःच्या खपवायच्या असतील, दुसरं काय.

७ मे, मंगळवार. संध्याकाळ
जेवणाच्या टेबलावर जोडणी. मॅन्युअल नवशिक्यांसाठी असतं. खिडकीतून पाणी येत होतं, त्या फटीत ते मॅन्युअल कोंबलं. बटण दाबलं. ढिम्म. योंगछिंग म्हणाली, बाबा, प्रोसेसरची वायर राहिलीय. म्हटलं, राहिली नाही, ठेवलीय, टप्प्याटप्प्याने करतात. लावली. सुरू! लगेच सेटिंगमध्ये जाऊन रॅमला खोक्यावर छापलेला पूर्ण वेग दिला, सहा हजार. हळू चालवायची तर घ्यायची कशाला?
कॉम्प्युटरच्या डोक्यावर हिरवं पाकीट ठेवलं, मशीनने गुणी राहावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. मक्याच्या कुरकुऱ्यांचं, नावातच ‘गुणी राहा’ असं सांगणारं. कारखान्यातही हे खातं माझ्याकडेच आहे. पाकीट हिरवंच लागतं, पिवळ्याने मशीन चिडतं. खायचं नाही, मुदत टळू द्यायची नाही. नियम माहीत असलेला माणूस घरात असणं ही केवढी सोय!

९ मे, गुरुवार
निळी स्क्रीन. तीनदा. पोरीचं चार तासांचं काम गेलं. चिडली नाही, नुसती खुर्चीत बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.
निदान: वीज कमी पडतेय.

११ मे, शनिवार
साडेआठशे परत, बाराशे द्या म्हटलं. यान मालक म्हणाला, दादा, विजेचा काही संबंध नाही, रॅम रुसलीय. दोन पट्ट्या काढा, वेग उतरवा, नाही चालला तर माझं दुकान तुमचं. म्हटलं, तुम्ही विकता, आम्ही बांधतो. मग त्याने बाराशेचा काढून दिला. पटलं असणार.

१२ मे, रविवार
मातृदिन. विसरलो नव्हतो. टेबल कॉम्प्युटरने अडवलेलं, म्हणून बी-श्या मातृदिनाचं जेवण ओट्याशी उभी राहून जेवली. केक आणायचा होता, पण काल बाजारातून येताना दोन्ही हातांत बाराशे वॉट होते. तिला खोका दाखवला. गोल्ड असा शिक्का आहे त्यावर, वाच म्हटलं. तिने वाचलं आणि भांडी घासायला घेतली.

१४ मे, मंगळवार
बाराशे वॉट असूनही निळी स्क्रीन. रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला. लाल ओळीच लाल ओळी, एक हजार एकशे त्रेचाळीस चुका. प्रोग्रॅम फुकटचा आहे. फुकटच्या मताला किती किंमत द्यायची? योंगछिंग म्हणाली, बाबा, दोन पट्ट्या काढून बघू या का? म्हणजे यान मालकाने हिलाही फितवलं!
दहा दिवस उरले. पोरगी नीट जेवत नाही.

१६ मे, गुरुवार. रात्री
सापडलं! पाकिटाची मुदत सतरा मार्चलाच संपलीय! ल्यावनेच दिलं होतं, पट्ट्यांबरोबर. माणूस असा निष्काळजी असावा?
ताबडतोब निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसती पिवळी, पुढच्यात लाल, तिसऱ्यात हिरवं मिळालं. चाळीस मिनिटं गेली. परत आलो तर योंगछिंगच्या हातात स्क्रू ड्रायव्हर. विचारलं, तर म्हणाली, धूळ पुसत होते. नवं पाकीट ठेवलं, तपासणी लावली. रात्रीच्या जेवणापर्यंत एकही चूक नाही! शून्य!
यान मालकाला फोन करून पाकिटाचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, दादा, घरात आणखी कोण आहे? म्हटलं, मुलगी. म्हणाला, मग काही काळजी नाही. मुलीचा इथे काय संबंध, देव जाणे.

१९ मे, रविवार
तीन दिवस कॉम्प्युटर गाईसारखा गरीब. निम्मी फिल्म तयार झाली. आज सहज पाहिलं तर रॅम बत्तीसच जीबी दिसतेय! उघडून बघतो तर ल्यावच्या दोन पट्ट्या गायब. ड्रॉवरमध्ये टिश्यूत गुंडाळलेल्या सापडल्या. बी-श्याची आवराआवर, कुठवर जाईल नेम नाही. वेगही खाली आलेला, तो मशीनने घाबरून आपणच उतरवला असणार.
चारही पट्ट्या बसवल्या. पुन्हा सहा हजार. योंगछिंग शेजारीच उभी होती. म्हटलं, पाकीट ताजं आहे, आता भ्यायचं कारण नाही. तिने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. मग म्हणाली, बरं बाबा. समजूतदार पोर.

२१ मे, मंगळवार
योंगछिंग कालपासून पहाटे साडेपाचलाच कॉलेजला जाते. म्हणते, पोहायला. टॉवेल कोरडाच दिसला. संध्याकाळी अर्धा तास कॉम्प्युटरपुढे बसते, फिल्म मागेपुढे करते आणि म्हणते, छान चाललाय बाबा. कान तृप्त झाले.

२४ मे, शुक्रवार. सकाळी १०.५०
निळी. पुन्हा चालू केला, पुन्हा निळी. मग काळी. बारा वाजता मुदत आणि फिल्म आत! योंगछिंग कॉलेजात, फोन उचलत नाही. बी-श्या ऑफिसात, मी रजेवर.
हे धूड उचलून तिथेच नेतो.

संध्याकाळी ६.००
स्कूटरवर पायांमध्ये कॉम्प्युटर, त्याच्यावर माझा रेनकोट. मी चिंब, तो कोरडा. साडेअकराला कॉलेजच्या हॉलमध्ये पोहोचलो. योंगछिंग दिसल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं: पट्ट्या मीच पुन्हा लावल्या, वेग मीच वाढवला, कोणाचंच ऐकलं नाही, फिल्म आत अडकलीय, तुझं वर्ष गेलं तर ते माझ्यामुळे.
ती म्हणाली, बाबा, आधी ते खाली ठेवा. फिल्म परवाच दिली.
कॉलेजच्या लॅबमध्ये सकाळी सहाच्या आत गेलं तरच नंबर लागतो. उरलेली फिल्म तिने तिथे केली, सोमवारपासून. विचारलं, मग संध्याकाळी घरी काय करत होतीस? म्हणाली, तुम्ही बघत बसायचात ना, म्हणून बसत होते.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. फक्त खुर्ची ओढून घेतली आणि बसलो.
तेवढ्यात तिची एक मैत्रीण आली. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, अय्या काका, हिने फिल्म याच्यावरच केली का? मी खरं सांगायला तोंड उघडलं.
योंगछिंग म्हणाली, हो, याच्यावरच. बाबांनी स्वतः बांधलाय.
मी मान डोलावली.