घागर देवाची

सातारा, ४ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. गोदाअक्का हीस शरच्चंद्राचा सा. न. वि. वि.

तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. तू सांगलीहून पाठवलेली हळदीची पुडी पिशवीत फुटली आणि माझं एकुलतं एक धुवट धोतर पिवळं झालं. बावन्नाव्या वर्षी गुरुजींना पुन्हा हळद लागली, असं वर्गात पोरं कुजबुजतात. तुझी भावजय मात्र हसत नाही.

आता खरी बातमी. आमच्या कबड्डी मंडळात अर्जुना आहे, बौद्धवस्तीतला, माझा जुना विद्यार्थी. त्याच्यासारखी चढाई जिल्ह्यात कुणाची नाही. महिनाअखेर सांगलीला सामना आहे. तिथे रेल्वेचे साहेब खेळाडू निवडायला येणार. निवड झाली की नोकरी. रविवारी खेळ संपल्यावर सगळे घागरीत पेला बुडवून पाणी प्यायले. अर्जुनाने पेल्याला हात घातला, तर मंडळाचे अध्यक्ष नानासो यांनी तो काढून घेतला, त्याला ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी ओतलं. वर म्हणाले, खेळात शिवाशिव न्हाई रं गड्या, पन घागर देवाची हाय.

हेच नानासो मंडळाच्या मदतीसाठी तंबूत इंग्रजी सिनेमा आणताहेत. अमेरिकेतले काळे-गोरे एका संघात खेळायला लागतात, त्याची गोष्ट. इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून पडद्याशेजारी बसून कर्ण्यातून मी मराठीत सांगायचं. अक्का, इतक्या झटकन मी लग्नालाही होकार दिला नव्हता. चाणक्याने शेंडी सोडली होती. मला शेंडी नाही, कर्णा आहे.

लोभ मागत नाही, तो तुझ्याकडे पडूनच आहे.
शरद

सांगली, ९ फेब्रुवारी

चि. शरदला अ. उ. आ.

धोतराला साबण लावू नकोस, लालभडक होईल. उन्हात टाक, डाग आपोआप उडतो. तुला धीर नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

लहानपणी शेजारच्या लालासाहेबाने तुझी विटी पळवली, तेव्हा तू त्याच्यावर संस्कृतात श्लोक रचला होतास. तो त्याला अजून कळलेला नाही. या वेळी सूड घ्यायचाच असेल तर सरळ मराठीत घे. नानासो बोलले तसंच ठेव, अलंकार घालू नकोस.

एकच विचारते. अर्जुनाला विचारलंस का?

सामन्याला ये. त्यालाही जेवायला आण, पुरण घालते.

ओरडण्याचा हक्क राखून,
तुझी अक्का

सातारा, १९ फेब्रुवारी

ती. सौ. अक्का हीस सा. न.

सिनेमा झाला. गोऱ्या प्रशिक्षकाने काळ्या खेळाडूला नळावरून हटकलं. तो इंग्रजीत काय म्हणाला ते मी बाजूला ठेवलं. माझ्या कर्ण्यातून तो म्हणाला, खेळात शिवाशिव न्हाई रं गड्या, पन घागर देवाची हाय. आवाजही तोच, घोगरा. पहिल्या रांगेत नानासो उपरण्याने डोळे पुसत होते. सगळ्यांत आधी तेच ओरडले, हाना त्या थेरड्याला, मानूस हाय का कोन!

आधी खेळाडू हसले, मग सगळेच. नानासोंचं उपरणं डोळ्यांशीच थांबलं. आता मंडईत भाजीवाली साळूबाईसुद्धा त्यांना विचारते, आवं नानासो, घागर कुनाची? मला त्या दिवशी श्रीखंड जेवल्यासारखी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नानासोंनी सांगलीला जाणारा संघ जाहीर केला. अर्जुना त्यात नाही.

तो घरी आला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, गुरुजी, तुमी लय झ्याक बोलला, समदी हसली. पन मला इचारलं असतं तर नगंच म्हनलो असतो. सांगलीपतूर वंजळीतनं प्यायचं ठरवलं हुतं मी. नोकरी लागली की परत येऊन, समद्यांच्या देखत, त्याच घागरीत पेला बुडवायचा हुता.

अक्का, त्याचा सूड माझ्याहून मोठा होता, आणि मी तो हशात उधळला. नानासोंचे पाय धरतो म्हटलं, तर अर्जुना त्यालाही नको म्हणतो.

धोतर उन्हात आहे, डाग जातोय. पुरण घालू नकोस. हक्क राखलायस तो वापर, पण लोभ ठेव.

नानासोंची मला भीती नाही. दोन दिवस अर्जुना मैदानावर आलेला नाही. आता तो कधीच येणार नाही, याची भीती वाटते.

शरद